बेड सोळा, बोला

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही हिने आणून दिली. "दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा. वहीला कान नसतात," असं वर सुनावलं. तिचंही चुकत नाही. बसस्थानकावर माइकपुढे बसून गाड्या पुकारण्यात माझी उमर गेली. अख्ख्या शहराच्या कानात माझा आवाज बसलेला. मागल्या वर्षी तिथे मशीन आलं. बाईचा गोड आवाज, ना खोकला, ना पगारवाढ, ना चहा. मी घरी बसलो. घरी माइक नव्हता पण तोंड होतं. कुकरची शिट्टी झाली की आपसूक निघायचं, "कृपया लक्ष द्या." ही लक्ष द्यायची नाही.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. हॉस्पिटल, चौथा मजला, हाडांचा वॉर्ड. मी काउंटरवरचा कारकून. फोन घ्यायचे, कुठल्या बेडवर कोण ते फळ्यावर लिहायचं, रक्ताच्या बाटल्या लॅबला पाठवायच्या, एक्स-रेवाल्यांच्या मिनतवाऱ्या करायच्या, भेटायला येणाऱ्यांना वेळ झाली की हाकलायचं. आणि समोरच्या पाटीवर लक्ष ठेवायचं. तिच्यावर प्रत्येक बेडचा एक लाल दिवा. पेशंटने उशाशी असलेलं बटण दाबलं की दिवा पेटतो. मी कळ दाबून विचारायचं, "बेड अमुक, बोला." मग ज्याचं काम त्याच्याकडे निरोप धाडायचा.

पहिलाच दिवा पेटला आणि मी सवयीने छाती भरून म्हणालो, "बेड तीन, बोला!" बेड तीनच्या आजी दचकून उठून बसल्या. त्यांना उठून बसायला सक्त मनाई आहे.

वॉर्डच्या मुख्य म्हणजे मोठ्या सिस्टर. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या आल्या की मीच खुजा होतो. म्हणाल्या, "इथून कुठली गाडी सुटत नाही. हळू बोला. आणि एक कायम लक्षात ठेवा. पेशंटची गोष्ट या काउंटरच्या बाहेर गेली, की तुम्हीही बाहेर. घरीसुद्धा बोलायचं नाही. तुम्ही अजून कच्चे आहात, पक्के व्हायला तीन महिने आहेत."

घरी न बोलणं! हिला सांगितलं तर लॉटरी लागल्यासारखी खूश झाली.

४ फेब्रुवारी, बुधवार

आवाज कमी करायला शिकतोय. वॉर्डातल्या मावशी, ज्या झाडणं-पुसणं, पेशंटला उठवणं-बसवणं सगळं बघतात, त्यांनी युक्ती सांगितली. "साहेब, मांजर झोपलंय आणि तुम्हाला दूध चोरायचंय असं समजून बोला." तसं बोललो. बेड नऊने विचारलं, "घसा बसला का?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते हिला सांगता येत नाही म्हणून वहीला सांगतो. ही दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत नाही, तत्त्वाची आहे.

दुपारी फोन आला, म्हातारे गृहस्थ, स्टुलावरून पडलेत, खुब्याचं हाड मोडलंय, वर पाठवतोय. मी फळ्यावर बेड सोळासमोर नाव लिहायला घेतलं. पहिलं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनावाला हात थांबला. माझे सासरे!

लग्नाला नऊ वर्षं झाली. ते आमच्या लग्नाला आले नाहीत, त्यानंतर एकदाही आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी मागणी घालायला गेलो तेव्हा डोळ्याला भिंग लावून, माझ्याकडे न बघताच म्हणाले होते, "ज्याची एक गाडी कधी वेळेवर सुटली नाही त्याला मी मुलगी कशी देऊ?" मी म्हटलं, गाड्या मी सोडत नाही, फक्त सांगतो. म्हणाले, "म्हणजे थापाही तुम्हीच मारता." हिने त्याच दिवशी पिशवी उचलली. बापलेक एकाच खडकाचे दोन तुकडे. ती म्हणते, बाबांनी बोलावलं तर जाईन. ते म्हणत असणार, तिला यायचं तर आपणहून यावं. सासूबाई केव्हाच गेलेल्या, दोघांमध्ये बोलणी करायला कुणी नाही. एक आत्याबाई आहेत, सासऱ्यांच्या बहीण. त्या दोन्हीकडे फोन करतात आणि दोन्हीकडे रडतात.

स्ट्रेचर आलं तसा मी मास्क चढवला, डोळ्यांपुरता उरलो. शिवाय नऊ वर्षांत मी टक्कल कमावलंय. ओळखणं शक्यच नाही. तरी खबरदारी म्हणून काउंटरखाली वाकून पेन शोधू लागलो. मावशी म्हणाल्या, "साहेब, पेन कानावर आहे."

मोठ्या सिस्टर त्यांची माहिती घेऊन आल्या. जवळचं माणूस कोण असं विचारलं तर म्हणाले, मुलगी आहे, पण तिला कळवायचं नाही. सिस्टर त्यांच्यापाशी बराच वेळ होत्या. बाहेर आल्यावर माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होत्या. मास्क उलटा लावला होता की काय कोण जाणे.

संध्याकाळी सोळाचा दिवा पेटला. मी कळ दाबली. "बेड सोळा, बोला."

पलीकडून काहीच नाही. नुसता श्वास. मला वाटलं, झोपेत बटण दाबलं गेलं. मग आवाज आला, "कोण बोलतंय?"

"वॉर्डाचा कारकून."

"कारकून." घसा खाकरल्याचा आवाज. "बरं. किती वाजले?"

सव्वासहा सांगितले. म्हणाले, "सहा सोळा." आणि बंद.

वाचलो! ओळखलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

माणूस आहे की छळ! मनगटाला एक घड्याळ, उशाशी एक, समोरच्या भिंतीवर हॉस्पिटलचं एक. तरी दर थोड्या वेळाने सोळाचा दिवा. "कारकून, किती वाजले?" मी सांगतो. ते चूक काढतात. आज सकाळपासून तर मी सेकंदासकट सांगतोय. मोठ्या सिस्टरांकडे तक्रार केली, की इतर पेशंट ताटकळतात. त्या म्हणाल्या, "ताटकळत कुणी नाही. एकट्या माणसाला दोन शब्द बोलावेसे वाटतात. बोला." इथे वशिला पेशंटचा चालतो, कारकुनाचा नाही.

हॉस्पिटलचं जेवण ते परत पाठवतात. छातीत कफ साठलाय, म्हणून भूल देता येत नाही, म्हणून ऑपरेशन अडलंय. उपाशी राहून कसं व्हायचं? मला राग येतो त्यांचा, पण म्हातारा उपाशी आहे हे ऐकून माझाही घास खाली उतरेना. शेवटी माझा डबा मावशींच्या हाती दिला, म्हटलं, कँटीनमधून आलाय म्हणून सांगा. रिकामा परत आला.

लगेच दिवा. "कारकून, कँटीन कोण चालवतं?"

"एक बाई आहेत."

"हाताला चव आहे बाईंच्या. मीठ मात्र कमी. तिला लहानपणापासून मिठाचा अंदाज नाही."

"कोणाला?"

"कँटीनवालीला," ते म्हणाले. "नसणार अंदाज, असं म्हणतोय."

९ फेब्रुवारी, सोमवार

हिला म्हटलं, हल्ली भूक वाढलीय, डबा जरा मोठा दे. कारण विचारेल म्हणून तीन कारणं तयार ठेवली होती. तिने विचारलंच नाही. भाजी मऊ शिजवली होती, चपातीचे बारीक तुकडे केले होते. मी म्हटलं, माझे दात शाबूत आहेत. तर म्हणे, "असू देत. सोपं पडतं खायला." प्रेमाला काय म्हणावं! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्यासाठी चपातीचे तुकडे!

आत्याबाईंचे फोन वाढलेत. काय एवढं बोलता म्हटलं तर ही म्हणते, त्यांची सांधेदुखी.

आज सोळाने माझी चौकशी केली. घरी कोण कोण? मी सावध आहे, सोळाचं दार उघडलं की अजूनही काउंटरखाली बसतो, आणि नावं सांगितली नाहीत. फक्त म्हटलं, बायको आणि सात वर्षांची मुलगी.

"मुलगी कुणावर गेलीय?"

"आजोबांवर," माझ्या तोंडून निघून गेलं. "भयंकर हट्टी."

"म्हणजे हुशार असणार. शाळेत काय म्हणतात?"

मग मी सांगत सुटलो. चिमणी गणितात पहिली येते, खेळण्यातली मोटार उघडून परत जोडते, परवा शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ उघडलं आणि तीन भाग उरले तरी ते चालू झालं. तिकडून खोकल्याचा आवाज येत राहिला. घाबरून सिस्टरांना पाठवलं. त्या परत येऊन म्हणाल्या, "खोकला नाही, हसतायत."

त्यांनी शेवटी विचारलं, "आणि बायको? तिला काही कमी नाही ना?"

परक्या माणसाच्या बायकोची एवढी काळजी! म्हातारपणी माणूस भोचक होतो हेच खरं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

छाती मोकळी व्हावी म्हणून एक तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र देतात. नळी तोंडात धरून श्वास ओढला की एकेक गोळी वर जाते. पहिली सगळ्यांची जाते, दुसरीला घाम फुटतो, तिसरी वर राहिली की डॉक्टर खूश. सोळा नंबर ते हातात धरायला तयार नाहीत. "मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली, त्यांना फुंकत बसलो नाही." छोटे डॉक्टर, म्हणजे हाताखालचे शिकाऊ, समजावून थकले. मोठ्या सिस्टर सरळ माझ्याकडे आल्या. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"माझं का ऐकतील?"

"सांगा तर खरं," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

काय सांगावं सुचेना. कळ दाबली आणि जे येतं तेच केलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवरून पहिली गोळी सुटण्याच्या तयारीत आहे. संबंधितांनी नळी तोंडात धरावी."

पलीकडे काहीतरी चाचपल्याची खुडबुड. मग खर्र असा श्वास ओढल्याचा आवाज. मावशी दारातून ओरडल्या, "गेली! पहिली गेली!"

"फलाट दोनवरची गोळी काही तांत्रिक कारणामुळे उशिराने सुटत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"उशिराने काय म्हणता!" म्हातारा गरजला आणि नळी परत तोंडात घातली. दुसरी गेली. तिसरी अर्ध्यावर लटकली. तोवर सगळा वॉर्ड जागा. बेड नऊ टाळ्या वाजवतोय, बेड तीनच्या आजी "अजून एकदा, अजून एकदा" म्हणतायत. मोठ्या सिस्टर गप्प बसवायला म्हणून वळल्या आणि तशाच पदराने, नव्हे रुमालाने, डोळे पुसत आत गेल्या. हसत होत्या बहुतेक. युनिफॉर्मला पदर नसतो हेही त्या विसरल्या की मी, कळेना.

आता दिवसातून चार वेळा गाड्या सोडायच्या असा हुकूम आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरी गोळी गेली आणि वर राहिली! मी आनंदाने ओरडलो, बेड तीनच्या आजी पुन्हा उठून बसल्या. पण आता त्यांना परवानगी आहे.

दुपारी वॉर्ड शांत असताना दिवा. आज वेळ विचारली नाही. म्हणाले, "कारकून, मला पूर्वी एक सवय होती. संध्याकाळी दुकान बंद केलं की बसस्थानकावर जाऊन बाकावर बसायचो."

"गाडी पकडायला?"

"नाही. नुसता बसायचो. तास-अर्धा तास. कुणाचं कसं चाललंय याचा अंदाज येतो. माणसाला सर्दी झाली, माणूस घरून भांडून आला, माणूस खूश आहे, आवाजावरून कळतं. एकदा तर एक जण सगळा वेळ हसत हसत गाड्या पुकारत होता. उशिरा सुटणाऱ्यासुद्धा. मी तेव्हाच ओळखलं, याच्या घरी काहीतरी चांगलं झालंय."

मी म्हटलं, "मग आता जाता की नाही?"

"आता तिथे मशीन बोलतं. मशीनवरून काय कळणार?"

लोकांना एकेक छंद असतात. कुणी पक्षी बघतं, कुणी बसस्थानकात बसतं. चिमणी झाली त्या दिवशीही मी कामावर होतो, तेव्हाही हे तिथे असतील तर! बरं झालं, मी कधी खिडकीतून बाहेर डोकावलो नाही.

थोड्या वेळाने पुन्हा दिवा. "कारकून, इथल्या गोष्टी घरी बायकोला सांगता की नाही?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने म्हटलं. "नियम आहे. पेशंटची परवानगी असल्याशिवाय एक अक्षर नाही."

"मूर्ख आहात."

"अहो, नियम आहे."

"बायकोला सगळं सांगावं. मी, बेड सोळा, सांगतोय. सगळं सांगावं. कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं. संसाराबद्दल उपदेश करायला जातंय काय यांचं! आपला जावई नऊ वर्षं दाराशी उभा केला नाही आणि निघालेत मला शिकवायला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारी ऑपरेशन. हाडांचे डॉक्टर छोट्या डॉक्टरांना काउंटरपाशीच सांगत होते, वय आहे, हृदय जरा कमजोर आहे, होईल बहुतेक नीट. मी "बहुतेक" या शब्दाला फार घाबरतो. मी स्वतः तो हजारदा वापरलाय. "गाडी बहुतेक येईल" याचा अर्थ मला माहीत आहे.

हिला न सांगता ऑपरेशन झालं आणि काही बरंवाईट झालं, तर मी हिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि सांगितलं तर नोकरी. माझ्या वयाच्या, बोलण्याखेरीज काही न येणाऱ्या माणसाला परत कोण घेणार? चिमणीची शाळा, घरभाडं. मोठ्या सिस्टरांना आडून विचारलं, "समजा एखाद्या कारकुनाला पेशंटच्या नातेवाइकाची माहिती असली तर?" त्या म्हणाल्या, "पेशंटने स्वतः सांग म्हटलं असेल तर वेगळी गोष्ट. म्हटलंय का?" मी खूप आठवून बघितलं. नाही म्हटलंय. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्यांना कामाचा ताण फार.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सकाळपासून घरात येरझाऱ्या घातल्या. चिमणीने विचारलं, बाबा, तुला पण कळ दाबली की बोलता येतं का?

दुपारी ही गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी जवळ गेलो, चिमटे पुढे करत राहिलो आणि शेवटी बोललो. नोकरी गेली खड्ड्यात. "तुझे बाबा आमच्या वॉर्डात आहेत. खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन."

ती चादर झटकत होती ती थांबली नाही. चादर नीट दोरीवर टाकली, कडा जुळवल्या. मग म्हणाली, "खिडकीजवळच्या बेडवर ना? वारा लागत असेल."

मुलीचं काळीज बघा. न बघता खिडकी कळली!

"तू रागावली नाहीस? मी इतके दिवस लपवलं."

"तुम्ही?" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. मग चादरीच्या पलीकडे गेली. पलीकडून आवाज आला, जरा ओला. "त्यांनी बोलावलंय का मला?"

खोटं बोलवेना. "नाही."

"मग मी कशी जाऊ?"

तासाभराने मात्र बघतो तर तिची पिशवी दाराशी. शाल, पंचे, दाढीचं सामान, नवा टूथब्रश. म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर येतेय. बाबांकडे नाही. तुमचं काउंटर बघायला. नवऱ्याची नोकरी कशी आहे ते बघू नये की काय?"

१६ फेब्रुवारी, सोमवार

डोळे मिटतायत, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

चिमणीला शाळेत सोडून आम्ही गेलो. ही काउंटरपाशी उभी राहिली. खरंच काउंटर बघत होती. फोन बघितला, फळा बघितला, स्टेपलर उचलून बघितला. सोळाचं दार तिथून दिसतं. तिकडे मात्र एकदाही बघितलं नाही. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. आता त्यांना नेणार. मला वाटलं, ही दोघं अशीच बसतील, एक आत, एक बाहेर, आणि मधून स्ट्रेचर निघून जाईल.

मी मास्क नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं.

म्हातारा फारच लहान दिसला. आवाज ऐकून मला वाटलं होतं, अजून तसाच धिप्पाड असेल. हिरवा अंगरखा, हातातलं घड्याळ काढलेलं, मनगटावर पांढरा पट्टा राहिलेला.

"आज कारकून जातीने?"

"तुमची मुलगी आलीय," मी म्हटलं. "आपणहून. कळल्याबरोबर धावत."

त्यांचे ओठ हलले. "आपणहून?"

"आपणहून. शपथ."

ते छताकडे बघत राहिले. मग मान वळवली. "आणि कारकून, ती माझी मुलगी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला.

"काढा तो मास्क. गुदमरून मराल. या शहरात एकच माणूस 'बोला' असं बोलतो, जावईबापू. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. आणि काउंटरखाली बसता तेव्हा टक्कल वर राहतं. पुढच्या वेळी पूर्ण बसत जा."

मी मास्क काढला. नाक पुसायला हवं होतं म्हणूनही.

"मग मी इतके दिवस टेबलाखाली कशासाठी बसत होतो?"

"मला काय माहीत? मला वाटलं, हॉस्पिटलची पद्धत आहे."

वॉर्डबॉय स्ट्रेचर लावत होते. म्हातारा एकदम हळू आवाजात म्हणाला, "ती खरंच आपणहून आली?"

"खरंच."

बाहेर पळालो. हिला म्हटलं, "बाबांनी बोलावलंय तुला."

ती स्टेपलर हातात घेऊन उभी. "नक्की काय म्हणाले?"

"म्हणाले... म्हणाले, माझ्या लाडक्या लेकीला बोलवा."

हिने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता स्टेपलर डोक्यात बसणार. "बाबा आयुष्यात कधी 'लाडकी' म्हणालेले नाहीत," ती म्हणाली. स्टेपलर जागेवर ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत गेली.

पटलं तिला! बापाला वाटतंय ती आपणहून आली, लेकीला वाटतंय त्यांनी बोलावलं. दोघांना कायमचं गंडवलं मी. यापुढे मला कुणी भोळा म्हणू नये.

आतून आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हिचा आवाज चढला. "या वयात स्टुलावर चढायला कुणी सांगितलं होतं?"

"भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं."

"पडू द्यायचं! तुम्ही का पडलात?"

"तू मीठ कमी का घालतेस?"

मोठ्या सिस्टर घाईने आल्या. "भांडण चाललंय का? आत्ता बीपी वाढून चालणार नाही."

मी म्हटलं, "सिस्टर, यांच्यात लाड असेच करतात."

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा हिचा हात त्यांच्या मुठीत होता आणि लिफ्टपर्यंत तसाच गेला. मग आम्ही वाट बघितली. मी फोन घेतले, रक्ताच्या बाटल्या पाठवल्या, चुकीच्या खात्यात पाठवल्या, परत आणल्या. ही बाकावर बसून होती, शाल मांडीवर. आज माझ्याकडे पुकारायला काही नव्हतं. गाडी कुठे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. माइकसमोर बसलेल्या माणसाला लोक चिडून का विचारायचे ते आज कळलं.

फोन आला तो छोट्या डॉक्टरांचा. "बेड सोळाच्या नातेवाइकांना सांगा, सगळं नीट झालं. शुद्धीवर येतायत."

मी रिसीव्हर ठेवला. हिच्याकडे बघून बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. नुसता अंगठा वर केला. मग मावशींनीच सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या सिस्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनामा मनात लिहूनच गेलो होतो. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पेशंट माझे सासरे आहेत, मी तुमच्यापासून लपवलं, आणि रविवारी नियम मोडून बायकोला सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी मी त्यांची माहिती लिहून घेत होते, तेव्हा त्यांनी मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाले, काउंटरवर आवाज येतोय तो माझा जावई. नवीन दिसतोय. त्याला इथे कुणी त्रास देऊ नका. तो मी देईन."

मी खुर्चीत बसलो. कुणी बसा म्हटलं नव्हतं तरी.

"आणि गुरुवारी त्यांनी तुम्हाला परवानगी दिली, मी स्वतः दारात उभी होते. 'मी, बेड सोळा, सांगतोय.' आणखी कशी द्यायची हो परवानगी? शिक्का मारून?"

नोकरी आहे. वर सिस्टर म्हणाल्या, गोळ्यांच्या गाड्या आता सगळ्याच पेशंटसाठी सोडत चला. फक्त आवाज हळू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भेटायच्या वेळेत चिमणीला नेलं. आजोबा-नातीने एकमेकांना बराच वेळ न्याहाळलं. दोघांची भुवई एकाच बाजूला वर. चिमणीने विचारलं, "तुमच्या पायात खरंच स्क्रू आहे?"

"आहे."

"कुठल्या मापाचा?"

त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. मी भेटीची वेळ संपल्याचं दोनदा जाहीर केलं. माझं कुणी ऐकलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज त्यांना घरी सोडलं. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, आमचं तळमजल्यावर. आठवडाभर "मी माझ्याच घरी जाणार" चाललं होतं. हिने वाद घातला नाही. फक्त त्यांच्या घराची किल्ली आपल्या पिशवीत टाकली. आज सकाळी त्यांनी चौकशी केली, "तुमच्याकडे सकाळचा चहा किती वाजता होतो?" मी म्हटलं, सातच्या सुमारास. "सुमारास?" आता पुढचे दिवस कसे जाणार ते मला दिसतंय. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत, माझ्या वेळापत्रकासकट.

ही खाली गाडी आणायला गेली होती. ते चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. मी काउंटरवर डिस्चार्जचे कागद पूर्ण करत होतो. मोठ्या सिस्टर एकेक रकाना वाचत होत्या, मी भरत होतो. औषधं, पुढची तारीख, टाके.

"पेशंटला घरी नेणारी व्यक्ती?" सिस्टरांनी विचारलं.

मी माझं नाव लिहिलं.

"पेशंटशी नातं?"

मी 'जा' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "मुलगा लिहा."

मी वर बघितलं. ते लिफ्टकडे बघत होते, जसं काही लिफ्टशीच बोलतायत.

"जावई लिहिलं की उगाच मान द्यावा लागतो," ते म्हणाले. "मुलगा लिहा."

मी लिहिलं. अक्षर इतकं बिघडलं की मलाच वाचता येईना. मोठ्या सिस्टरांनी कागद उचलला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाल्या, "असू दे. आम्हाला सवय आहे. डॉक्टरही असंच लिहितात."